वरच्या बाणाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना वेगमापक आहे. गाडीत असतो तसला गोल तबकडीचा मात्र नव्हे. मला ना काच, ना काटा. संगणकाच्या पडद्यावर, खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाला खेटून दोन बारीक बाण आणि त्यांच्यापुढे दोन आकडे दिसतात ना, तोच मी. खालचा बाण सांगतो, इंटरनेटवरून या संगणकात माहिती किती वेगाने येते आहे. वरचा बाण सांगतो, इथून ती किती वेगाने बाहेर जाते आहे. माझं काम इतकंच. पण या एवढ्याशा कामाने मी एका भल्या माणसाची अब्रू राखली आहे आणि ते सांगताना माझी छाती आजही फुगते.

माझा जन्म दहा खाटांच्या एका रुग्णालयात, एक्स-रेच्या खोलीत झाला. तिथे काम करणाऱ्या ताईने मला घडवलं. दोन रुग्णांच्या मध्ये जी पाच-दहा मिनिटं मिळत, त्यात ती माझ्या प्रोग्रॅमच्या चार ओळी लिही, दोन खोडी. तिची अडचण साधी होती. तिथे काढलेली छायाचित्रं मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडे इंटरनेटवरून जात. कधी ती झटकन जात, तर कधी तासभर अडकून बसत. का, ते कुणालाच कळत नव्हतं. जो तो अंदाज बांधत होता.

पहिल्या दिवशी मी असा काही आकडा दाखवला, की सगळे बघतच राहिले. "अगं, आपल्या इंटरनेटच्या लाइनला पंख फुटले की काय?" परिचारिका म्हणाली. पंख कुठले! माहिती मोजायची मापं दोन, एक लहान आणि एक मोठं. लहान आठ मिळून मोठं एक होतं. ताईने मोजलं लहान मापाने आणि पुढे नाव लिहिलं मोठ्या मापाचं. म्हणजे मी आठपट फुशारकी मारत होतो. ताईने कपाळावर हात मारला आणि माझी जीभ ताळ्यावर आणली.

मग मी घाई करू लागलो. सेकंदाला वीस वेळा आकडा बदलायचो, त्यामुळे तो वाचताच येईना आणि त्या पळापळीने संगणकही दमून जाई. ताईने मला सेकंदातून एकदाच बोलायला शिकवलं. "थोडं बोल, पण नेमकं बोल," ती पडद्याकडे बघून पुटपुटली होती. आईने कान धरून शिकवलेली गोष्ट विसरते का कुणी?

एके दिवशी भर दुपारी झोपाळ्यावरून पडलेल्या एका मुलीला तिच्या आईबाबांनी धावत आणलं. डोक्याला मार होता. ताईने छायाचित्रं काढली आणि तज्ज्ञांकडे पाठवायला घेतली. ती जाईनात. पाच मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. मुलीची आई दाराला टेकून उभी होती आणि तिच्याकडे बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं. शेवटी एकदाची छायाचित्रं पोहोचली. तज्ज्ञांनी फोनवर सांगितलं, "ताबडतोब इकडे आणा." मुलगी वाचली, पुढे बरीही झाली. पण तो पाऊण तास सगळ्यांच्या जिवाला चटका लावून गेला.

मोठ्या डॉक्टरांचा संताप अनावर झाला. रुग्णालय त्यांचंच होतं. ते तरातरा बाहेर आले, तर फाटकावरचे पहारेकरी काका डबा खाता खाता मोबाइलवर नातीचा नाच बघत होते.

"इकडे लेकरू जिवाशी झुंजतंय आणि तुम्ही सगळी लाइन खाऊन टाकताय! उद्यापासून येऊ नका."

डॉक्टर हे सर्वांदेखत बोलले. काकांनी डब्याचं झाकण लावलं. "साहेब, मी जेवताना पाच मिनिटं बघतो. रोज एवढंच," ते म्हणाले. कुणी ऐकून घेतलं नाही.

ताई मात्र पुढे झाली. "डॉक्टर, मला उद्याचा एक दिवस द्या. काकांना तोवर काढू नका. आधी मोजू, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी तिने मला रुग्णालयाच्या पाचही संगणकांवर बसवलं. काकांचा मोबाइल बंद करून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. बारा वाजले. ताई खोलीखोलीतून फिरू लागली. नोंदणीच्या टेबलावर माझा वरचा बाण निवांत होता. औषधांच्या खिडकीत निवांत. एक्स-रेच्या खोलीत आणि प्रयोगशाळेतही तसाच. पाचवा संगणक होता मोठ्या डॉक्टरांच्या दालनात. तिथे त्यांनी मला स्वतः पाहिलं. माझा वरचा आकडा चढत चढत पार टोकाला जाऊन भिडला होता. लाइनची सगळी ताकद तो एकटा संगणक ओढत होता.

मित्रांनो, मालकाच्या दालनात मालकाविरुद्ध साक्ष द्यायची म्हणजे काय, याचा विचार करा. पण मला भीती ठाऊक नाही. मला फक्त आकडा ठाऊक आहे.

ताईने शोध घेतला. रुग्णांच्या सगळ्या नोंदींची एक प्रत रोज आपोआप बाहेर सुरक्षित जागी जावी, अशी सोय डॉक्टरांनीच करून ठेवली होती. वेळ नेमताना रात्रीचे बारा म्हणायच्या जागी त्यांच्या हातून दुपारचे बारा निवडले गेले होते. चूक तेवढीच, पण नेमकी काकांच्या जेवणाच्या वेळेवर येऊन बसली होती.

डॉक्टरांनी दुपारचे बारा बदलून रात्रीचे बारा केले. मग काकांना आत बोलावून हळूच म्हणाले, "काका, चूक माझी होती."

काका म्हणाले, "साहेब, बोलणी मी फाटकावर खाल्ली, चारचौघांत."

डॉक्टर उठले, फाटकापर्यंत चालत गेले आणि परिचारिका, औषधवाले, बाकावरचे रुग्ण, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तेच वाक्य पुन्हा बोलले. काकांनी मान डोलावली आणि ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यानंतर किती तरी वर्षं त्यांनी तिथेच पहारा केला.

माझी कीर्ती पसरली. शेजारच्या शाळेने मला नेलं, मग वाचनालयाने, मग टपाल कचेरीने. ताईने कुणाला नाही म्हटलं नाही.

पुढे जाड, वेगवान लाइन आली. नवे संगणक आले. माझ्याकडे बघायची गरज उरली नाही, तशा नजरा वळल्या. एका संगणकावरून मला काढून टाकलं, तर दुसऱ्यावर मी नव्या चिन्हांच्या गर्दीत झाकला गेलो. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जिथे अडचणच उरली नाही, तिथे रुसायचं तरी कुणावर?

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. घरातली, शाळेतली मोजमापाची साधनं जपा. ताप मोजायची नळी असो, वजनाचा काटा असो की माझ्यासारखा कोपऱ्यातला चिमुकला. त्यांची मापं अधूनमधून तपासून घ्या. आणि काही बिघडलं, की समोर सापडेल त्याच्यावर बोट रोखण्याआधी एकदा त्यांना विचारा.

गेल्या आठवड्यात अडगळीच्या खोलीतला एक जुना संगणक भंगारात द्यायचा ठरला. नव्याने कामावर आलेल्या तंत्रज्ञ मुलीने तो एकदा सुरू करून पाहिला आणि कोपऱ्यात मी उजळलो.

"ताई, हे काय आहे? दोन्हीकडे शून्यच दाखवतंय. बिघडलंय वाटतं."

ताईचे केस आता पांढरे झाले आहेत. तिने चष्मा सावरला, वाकून संगणकाच्या मागे पाहिलं आणि हसली.

"बिघडलेलं नाही गं. वायरच जोडलेली नाहीये. बरोबर सांगतोय तो."