शिवमूर्तीची कॅसेट

मी बोलतेय, टीव्ही गेमची एक पिवळी कॅसेट. माझ्या पोटात एक खाण होती.

मूळ एक जुनी परदेशी कादंबरी. खाण कोसळते आणि एक मजूर गाडल्या गेलेल्या भावाला शोधायला खाली उतरतो. कादंबरीत भाऊ सापडत नाही. गेम करणाऱ्यांना तसा शेवट परवडणार नव्हता. त्यांनी वटवाघळं घातली, उड्या घातल्या आणि शेवटच्या बोर्डात, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, भावाला जिवंत ठेवलं.

विरूपाक्षअप्पांनी मला हैदराबादहून आणलं. निलंग्याकडच्या एका गावात त्यांचं भुसार दुकान होतं. घरात बायको जगदेवी आणि एकुलता एक शिवमूर्ती. मला लावण्याआधी तो गरम चहा निववावा तशी फुंकर मारायचा.

"शिवा, डोळे जातील रे," जगदेवी चुलीपासून म्हणायची.

"अव्वा, एवढा एकच बोर्ड," म्हणत तो पुन्हा त्याच भुयारात पडायचा. शेवटपर्यंत कधी पोचलाच नाही.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. दगडमातीचं घर खाली बसलं. नवरा-बायकोला शेजाऱ्यांनी ओढून काढलं. शिवमूर्ती गेला.

ढिगारा उपसताना मी अप्पांच्या हाती लागले. त्यांनी मला धोतराला पुसलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. जगदेवीला सांगितलं नाही. पोराचं नाव काढलं तर ती मोडेल, असं त्यांना वाटे. तिला वाटे, ते मोडतील. त्या घरात ते नावच बंद झालं.

पुढे दोघं लातूरला आली. क्लासेसची भरभराट होती. गल्लीगल्लीत परगावची मुलं, खोल्या, सायकली. जगदेवीने मुलींसाठी खोल्या आणि मेस सुरू केली. तिच्या पंगतीत कुणी उपाशी उठत नसे. पण तिला मूल होतं हे एकाही मुलीला ठाऊक नव्हतं.

मुखेडच्या एका मास्तरांची राजश्री तिथं राहायची. डॉक्टर व्हायला आलेली. चाचण्यांत मार्क घसरत गेले तशी ती गप्प होत गेली. एकदा रात्रीही आणि दुसऱ्या सकाळीही जेवायला आली नाही. जगदेवी ताट घेऊन वर गेली, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"मावशी, मी असून तरी काय करून राहिले? नसलेलीच बरी."

जगदेवीने ताट खाली ठेवलं. हाताला धरून तिला खाली आणलं, हात न सोडता ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं.

अप्पा पाहतच राहिले. "तुला माहीत होतं?"

"ट्रंक मीच झाडते की. गेमचं मशीन आणा जा बाजारातनं."

त्या दुपारी जगदेवी पहिल्यांदा माझ्यासमोर बसली. पहिल्याच खड्ड्यात पडली. पुन्हा पडली. शेवटी राजश्रीनेच तिच्या हातातला रिमोट घेतला. भुयार आलं तसा जगदेवीचा आवाज बदलला.

"माझा शिवमूर्ती इथंच पडायचा."

"कोण शिवमूर्ती?"

"माझा ल्योक. भूकंपात गेला."

दारात उभे असलेले अप्पा खाली बसले. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं आणि इतक्या वर्षांचं रडून घेतलं. जगदेवी त्यांच्याजवळ सरकली. दोघंही मोडली नाहीत.

संध्याकाळी राजश्री शेवटच्या बोर्डात पोचली.

"सापडला का गं भाऊ?"

"हो मावशी. जिता हाय."

"खोटं हाय," जगदेवी म्हणाली, "पण बरं वाटलं. तू मातर खरी हायस, पोरी. तुझ्या बापाला ट्रंक उघडायला लावू नकोस."

राजश्री तिच्या मांडीत तोंड घालून रडली. मग जेवली. जेवून जगदेवीबरोबर एसटीडी बूथवर गेली.

"बाबा, मला हे जमत नाही."

पलीकडून मास्तर म्हणाले, "मी पहिल्या एसटीनं निघतो. तू मावशींजवळच थांब."

राजश्री डॉक्टर झाली नाही. मुखेडला शाळेत शिकवते. दिवाळीला जगदेवीच्या घरी येते, अप्पांच्या पाया पडते.

मी आता चालत नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या येतात. त्याचं मला काही नाही. माझं मागणं एवढंच आहे: तुमच्या घरात एखादं नाव काढायचं बंद झालं असेल, तर आज जेवताना ते काढा. कुणी मोडत नाही. जगदेवी आता मेसमध्ये नवी मुलगी आली की पहिलं ताट वाढताना सांगते, "मला एक मुलगा होता. शिवमूर्ती. बस, जेव."