झोपेतला आळ

माझी भावजय मथुरा तोंडाने फटकळ आणि कुणालाही न जुमानणारी, म्हणून मला पहिल्या दिवसापासून आवडलेली. तिला मुलगा झाला तेव्हा मी बंगालला नणंदेकडे गेले होते. परतल्यावर डिंकाचे लाडू घेऊन वैशाली नगरमधल्या माझ्या घरून भावाच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरवर गेले आणि दारातच थबकले. माझी आई बाळाला उशीवर धरून मथुरेला पाजायला लावत होती, आणि मथुरेने आपले दोन्ही हात पाठीमागे आवळून धरले होते.

मी म्हटलं, अगं बाई, पोराला धर की. तिने मान हलवली.

"नाही ताई. मीच मोडलं त्याले."

मग सगळं कळलं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं की दुपट्यातून सोडलं तरी बाळ उजवा हात हलवत नाही. झबल्यात हात घालायला गेलं की किंचाळतं. तेव्हा आई म्हणाली होती, तू झोपेत त्याच्यावर कलंडली असशील. झालं. तेव्हापासून ही भिंतीला टेकून रात्री जागून काढत होती आणि बाळाला बोट लावत नव्हती. आता तर बाळाच्या गळ्याखालच्या हाडावर सुपारीएवढी गाठ आली होती. दूधही आटत चाललं होतं. माझा भाऊ विजयकुमार ड्यूटीवरून यायचा, मुकाट जेवायचा आणि बायकोकडे बघायचंही टाळायचा. मला त्याचा संताप आला. मथुरेचाही आला, कारण आजवर कुणाचं ऐकून न घेणारी ती हे मात्र ऐकून बसली होती.

दवाखान्यात दाखवू म्हटलं तर आईच आडवी आली. कशाला न्यायचं, हाड आपोआप जुळतं, म्हणाली. मी तिचं ऐकलं नाही. रिक्षा बोलावली, बाळाला मी घेतलं आणि मथुरेला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

बाळंतपण केलेली डॉक्टरीणच भेटली. तिने गाठीवरून हलकेच बोट फिरवलं आणि चक्क हसली. छान जुळतंय, म्हणाली. गाठ म्हणजे हाड जुळल्याची खूण, काही महिन्यांत दिसणारही नाही. बाळ मोठं होतं, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. थोडा उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं. त्या ओढाताणीत गळ्याजवळचं हाड मोडलं. अशा बाळंतपणात ते होतं कधी कधी.

मथुरेने विचारलं, झोपेत दाबलं गेल्याने नाही?

"किसने कहा? मैंने तो उसी दिन अम्माजी को समझा दिया था," डॉक्टरीण म्हणाली. मथुरा तेव्हा ग्लानीत होती, म्हणून दाराशी बसलेल्या सासूला सांगितलं होतं. झबल्याची बाही छातीशी पिनेने अडकवून ठेवा, हात ओढू नका, हेही सांगितलं होतं.

मथुरेने माझ्याकडून बाळ घेतलं, छातीशी धरलं आणि रिक्षात सगळा वेळ ती रडत होती. मी मात्र बाहेर रस्त्याकडे बघत बसले, कारण आई माझी होती.

घरी आई मेथी निवडत बसली होती. मी समोर उभी राहिले आणि विचारलं, तुला माहीत होतं? तिने नाकारलं नाही, हातही थांबवला नाही.

"तू झाली तवा तुहाही हात असाच पडला होता. माह्या सासूनं म्हटलं, झोपेत पोरगी चेंदली. मरेपर्यंत म्हणत राहिली. या डॉक्टरीणबाईनं सांगतलं तवा मले पहिल्यांदा समजलं, का मी तुले नव्हतं मोडलं."

मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू. पण लगेच दुसरं मनात आलं. मी म्हटलं, मग तर तू आधी धावत जाऊन मथुरेला सांगायला हवं होतंस.

"मी पस्तीस वर्षं सोसलं," आई म्हणाली. "हिले आठ दिवसांत काहून सुटू देऊ?"

ती हे चिडून बोलली नाही. मीठ कमी आहे म्हणावं तसं बोलली. या बाईच्या हाताखाली मी लहानाची मोठी झाले, आणि त्या क्षणी मला तिची भीती वाटली.

मथुरा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

आईने निवडलेली मेथी टोपलीत भरली. बाळाच्या आंघोळीचं पाणी तापलंय, तिला हाक मार, म्हणाली.

मी जागची हलले नाही.