घरात पगार कोणाचा

बँकेतल्या साहेबांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"बुद्धभूषण हे नाव काही घरोघरी नसतं," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "त्यामुळे दुसऱ्या कुणाची नोंद असेल, असंही म्हणता येत नाही मला. जीपचं कर्ज थकलंय तुमचं."

भूषणने नुसती मान हलवली. ती जीप त्याने एक दिवसही चालवली नव्हती. घोटी ते त्र्यंबकेश्वर सीटा भरायला म्हणून चुलतभावाने, रावजीने, ती घ्यायला लावली. रावजीला कोण कर्ज देणार, म्हणून नाव भूषणचं. रावजी वर्षभर हप्ते भरत होता. मग जीप उलटली, त्याची मांडी मोडली आणि हप्ते थांबले. फायनान्सवाले जीप ओढून घेऊन गेले. नोंद राहिली ती भूषणच्या नावावर.

"मग आम्हाला घर मिळणारच नाही का?" मी विचारलं.

"एक करता येईल. घर तुमच्या एकटीच्या नावावर, कर्जही तुमच्या एकटीच्या. कॉलेजच्या ऑफिसात कायम आहात ना तुम्ही? पण मग सगळा हिशेब तुमच्या पगारावर. यांचं नाव कुठेच नको. आमचा माणूस घरी चौकशीला येईल."

बाहेर पडल्यावर भूषण स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, "दारावरच्या पाटीवर तरी लावशील ना माझं नाव?"

"जागा उरली तर."

तो हसला. आम्ही सातपूरला खोलीवर परतलो.

आम्ही राहत होतो ती खोली एका रंगाच्या शेडला चिकटून होती. तिथं लोखंडी कपाटांवर फवारा मारायचे. आमची आमू दोन वर्षांची. संध्याकाळ झाली की तिच्या छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले होते, औषध देतो मी, पण जागा बदला. ती झोपली की मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचे, श्वास मोजत. पाथर्डी फाट्याजवळ एक फ्लॅट बघून ठेवला होता. बिल्डरने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, तेही तोंडीच.

पुढच्या आठवड्यात मी कॉलेजातून आले तर सासूबाई खुशीत होत्या.

"चैताली, बँकेचा मानूस येऊन गेला. चहा पाजला त्याला चांगला. आलं घालून."

"काय विचारलं त्याने?"

"इचारलं, घरात पगार कोणाचा. म्हनलं, माझ्या लेकाचा. समदं तोच बघतो. सून आपली जाती कॉलेजात, घरी करमत नाय म्हनून. आता दुसरं पोर झालं की सोडनार हाय नोकरी."

मी खांद्यावरची पर्स काढलीच नाही. तशीच उभी राहिले. त्यांना वाटलं होतं, त्यांनी आमची लाज राखली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बँकेतल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही नोकरी सोडताय असं आमच्या माणसाने लिहून आणलंय. सासूबाईंनीच सांगितलं म्हणतो. तुमची फाइल परत करावी लागेल."

"करू नका," मी म्हणाले. "माणूस पुन्हा पाठवा. शनिवारी दुपारी. आम्ही सगळे घरी असू, त्या पण."

"आणि त्या पुन्हा तेच म्हणाल्या तर?"

"नाही म्हणणार."

असं म्हणायला माझ्याकडे कसलाच आधार नव्हता.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी विषय काढला. सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. त्या चिडल्या की असं करतात.

"मग काय सांगू परक्या मानसाला? माझा लेक बायकोच्या पगारावर खातो म्हनून? तुझा बाप असता तर सांगितलं असतं का गं त्यानं जावयाबद्दल असं?"

"आई, मी कंपनीत कंत्राटावर आहे," भूषण म्हणाला. "काम असलं तर पैसे. तुला माहितेय ते."

"माहितेय. पन बोलायचं कशाला ते?"

"बँक विचारतेय म्हणून."

"बँकेला काय करायचंय आपल्या घरात?"

आमू खोकली. मी तिला मांडीवर घेतलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आत्या, मी तुम्हाला काही पाठ करायला सांगत नाहीये. खोटं तर अजिबात नाही. फक्त आहे ते सांगायचं."

"त्येच जड हाय," त्या म्हणाल्या आणि भांडी घेऊन मोरीकडे गेल्या.

शनिवारी तोच माणूस आला. टोपी काढली, कागद काढले. भूषणने त्याला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसला. दार उघडं होतं. शेजारच्या फुलाबाई कपडे वाळत घालायचं सोडून आमच्याकडेच बघत होत्या. मी दार लावायला उठले तर भूषण म्हणाला, "राहू दे उघडं."

मग तो त्या माणसाकडे वळला. "लिहून घ्या. जीपचं कर्ज थकलंय ते माझंच. माझं काम कंत्राटी. घर चालतं हिच्या पगारावर, आणि हप्ताही त्यातूनच जाणार."

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. कान मात्र लाल झाले होते.

माणसाने लिहिलं. मग सासूबाईंकडे बघून म्हणाला, "आजी, मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं."

त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही, भूषणकडेही नाही.

"सांगितलं व्हतं. ते खोडा. सून कमावती. नोकरी सोडायची नाय ती. पोरगी मी सांभाळते, आन् दुसरं झालं तर तेबी सांभाळीन."

"बरं."

"थांबा. आजून लिहा. जीप माझ्या लेकानं सोताच्या पोटासाठी नव्हती घेतली. भावासाठी घेतली."

"आजी, त्याला रकाना नाही यात."

"मग बाजूला लिहा."

तो माणूस जरा घुटमळला. मग कागद आडवा करून त्याने समासात काहीतरी लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "लिहिलं का त्यानं?"

मी वाकून बघितलं. "लिहिलं."

तेव्हा कुठे त्या चहा टाकायला गेल्या.

कर्ज मंजूर झालं, पण माझ्या एकटीच्या पगारात बसेल तेवढंच. बघून ठेवलेला फ्लॅट त्यात येईना. मी त्याच दिवशी बिल्डरकडे गेले आणि मागच्या बाजूचा लहान मागितला. एक हॉल, एक किचन.

"मंग मी झोपू कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

"हॉलमध्ये. आम्ही किचनमध्ये अंथरू."

"लेकराला घिऊन किचनमदी? नाय. तुम्ही हॉलमदी झोपा. मला ओट्याखाली लय जागा."

"ते बघू तिथं गेल्यावर," मी म्हणाले, आणि सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सही करायला गेले.