लितियाचं मागचं अंगण

अपिसाईच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच साली वादळानंतर लंबासा शहरात डेंगी पसरला. नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक म्हणून तो लोकांच्या परसात शिरून साचलेलं पाणी उपडं करत हिंडे. कुणी अडवलं तर कायदा सांगे. त्या दिवशी मात्र एका फाटकाशी त्याचे पाय थबकले. घर धाकट्या बहिणीचं, लितियाचं होतं. वयात आल्यापासून ती दोघं त्यांच्या जमातीतल्या भावाबहिणींच्या रीतीप्रमाणे एकमेकांशी बोलली नव्हती. तिची धुणी वाळतात तिथं पाऊल टाकणं तर लांबच.

मेहुणा साकिउसा पायरीवर कसाव्याचे कंद सोलत होता. "या, सरकार! डास मोजायला आलात?"

"तुझं रक्त पिऊन डासच मरायचे, लेका."

पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला त्याचा भारतीय वंशाचा मदतनीस धनेश म्हणाला, "भैया, तू थांब. मी मागं बघून येतो."

"नको."

"का? कायदा काय फक्त आमच्या गल्लीला?"

"माझ्या बहिणीच्या घराची झडती परक्यानं घ्यायची? नको म्हटलं ना!"

अपिसाईने खडूने फाटकावर तपासल्याची खूण केली. धनेश पुढच्या घराकडे वळला.

आठवड्याभरात साकिउसाला ताप भरला.

त्याला माती दिल्यावर माणसं पांगली, तेव्हा अपिसाई एकटाच घराला वळसा घालून मागे गेला. धुण्याच्या दोरीपलीकडे निळं पिंप होतं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्याने पिंप आडवं केलं. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात लितिया उभी. त्याने नजर खाली घातली.

"दादा."

तिचा आवाज इतक्या वर्षांत त्याने चर्चच्या गाण्यातच काय तो ऐकला होता.

"पिंप मीच उपडं करतो म्हणाले होते. तुला कुणी बोल लावू नये म्हणून. मग तुझ्या लेकीच्या लग्नाच्या पाहुण्यांना पोचवण्यात राहून गेलं."

पाणी अपिसाईच्या चपलांखालून वाहत होतं. जाताना त्याने फाटकावरची खूण तळव्याने पुसली. पांढरा फराटा राहिलाच.

साकिउसा नाइवालू त्या साली एप्रिलात, ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी वारला.