पिल्लं यायच्या वेळी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण माझ्यापुढे बसून कधी कोणी गृहपाठ केला नाही की खेळ खेळला नाही. माझं आयुष्य अंडी उबवण्यात गेलं.

कारखान्यात माझे भाग जोडले, तेव्हा माझ्या नशिबी हे काम असेल असं कुणाला वाटलं असेल? सुरुवातीला मी एका कचेरीत होतो. तिथे नवे संगणक आले आणि मला अडगळीत टाकलं. तिथून मला सासूसुनेच्या एका जोडीने विकत घेतलं. घरामागच्या खोलीत त्यांची अंडी उबवायची मोठी पेटी होती. एका वायरमनदादांनी मला एका खोक्याला जोडलं आणि खोक्याला पेटीचा हीटर, पंखा जोडला. पेटी गार होऊ लागली की मी हीटर लावायचा, तापू लागली की बंद करायचा. एवढंच माझं काम, पण दिवसरात्र. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत, "आमची ही कोंबडी धान्य मागत नाही."

ती खेप मात्र वेगळी होती. अंडी पेटीत ठेवली आणि थोड्याच दिवसांत भटक्या कुत्र्यांनी खुराड्याची जाळी फाडली. सासूबाईंनी वर्षानुवर्षं जपलेल्या लाल कोंबड्यांपैकी एकही उरली नाही. त्यांचा वंश आता फक्त माझ्या पेटीत होता.

अंडी फुटून पिल्लं यायचे शेवटचे दिवस फार नाजूक असतात. पेटीचं दार उघडलं तर आतली ओल जाते आणि पिल्लू कवचालाच चिकटून बसतं. म्हणून त्या दिवसांत खोलीत कोणी पाऊल ठेवायचं नाही, असा सासूबाईंचा नेम. पाहायचा मोह नको म्हणून पेटीच्या काचेवर चादर आणि माझ्या तोंडावर फडकं.

पण सूनबाईंची लेक वसतिगृहात राहायची. "आई, मला पिल्लं येताना बघायचीत," असा तिने फोनवर हट्ट धरला. एका सकाळी सूनबाई हळूच आल्या, मला इंटरनेटची तार लावली आणि माझ्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून लेकीला पेटी दाखवली. अंडी अजून गप्प होती. मग त्यांनी चादर आणि फडकं होतं तसं टाकलं आणि दार लोटून गेल्या. तार तशीच राहिली.

त्या तारेतून माझ्यात काहीतरी उतरू लागलं. नवं अपडेट होतं. ना कुणी मागवलेलं, ना मला हवं असलेलं. फडक्याखाली माझ्या पडद्यावर प्रश्न उमटला, आता पुन्हा सुरू करू की नंतर? उत्तर द्यायला खोलीत होतं कोण? थोडा वेळ वाट पाहून त्याने स्वतःच ठरवलं. मी मिटलो.

हीटर विझला. पंखा थांबला.

बाहेर सासूबाई धान्य पाखडत होत्या. त्यांचा हात थबकला. "सूनबाई, पंखा ऐकू येतोय का गं?"

"येत असेल. आई, आत जायचं नाही, तुम्हीच म्हणता ना?"

"आत कुठे जातेय? दाराला कान लावतेय." आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी दार ढकललं. "अगं, ये लवकर. पेटी गार पडलीय."

सूनबाईंनी फडकं ओढलं तेव्हा मी नुकताच जागा झालो होतो. पडद्यावर लिहून आलं होतं, 'स्वागत आहे'.

"स्वागत कसलं करतोस मेल्या, हीटर लाव," सूनबाई म्हणाल्या.

मला लावायचाच होता हो. पण ज्या खोक्याशी इतकी वर्षं बोलत आलो, तो खोकाच मला ओळखता येईना. आत गारठणारे जीव, आणि मी रंगीत चित्रं दाखवत उभा.

वायरमनदादा धावत आले. बटणं दाबून पाहिली आणि मान हलवली. "नव्या अपडेटनं जुनी ओळख पुसलीय. ह्याला परत शिकवायचं तर दिवस जाईल."

"मग राहू दे त्याला," सासूबाई म्हणाल्या. "हीटरला आणि पंख्याला सरळ बटण लावून दे. चालू-बंद आम्ही करू."

"आजी, हलता येणार नाही तिथून."

"कोंबडी बसतेच ना? तिला कोणी विचारतं का, कंटाळलीस का म्हणून?"

दोघी बसल्या. सासूबाई काचेला नाक लावून आतला तापमापक वाचत, सूनबाईंचं बोट बटणावर. "चढतोय... चढतोय... कर बंद." थोड्या वेळाने, "उतरला गं, लाव." जेवणाची वेळ टळून गेली. तार आपणच ठेवली, हे सूनबाईंनी सांगून टाकलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नंतर बोलू. काटा बघ." मला हात नाहीत, पण मनातल्या मनात मी ते देवापुढे जोडले.

उन्हं कलली तेव्हा एक अंडं किंचित हललं. कवचाला चीर गेली, चोच दिसली, मग पुन्हा सगळं शांत. वाट बघवेना. अखेर ओलं, लालसर पिल्लू धडपडत बाहेर आलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं. काही अंडी मात्र गप्पच राहिली. ती उचलताना सासूबाईंनी एकेक अंडं कानाशी धरलं होतं.

वायरमनदादांनी मला पुन्हा शिकवून कामाला लावलं आणि बंद पडण्याआधी मी पडद्यावर विचारलं होतं, हेही दोघींना सांगितलं. "विकून टाकू हा डबा," सूनबाई म्हणाल्या. सासूबाईंनी मान हलवली. "त्याचं काय चुकलं? कामात असताना त्याला कुणीतरी हटकलं. आणि तो विचारत होता, तर आपण तोंडावर फडकं टाकलं."

मित्रांनो, यंत्राला नवं जरूर शिकवा. पण आधी बघा, त्याच्या हातात कुणाचं काय आहे. काम संपू द्या, किंवा तोवर तिथे दुसरं कुणी बसवा. आम्ही यंत्रं थांबून पुन्हा सुरू होतो. जी अंडी त्या दिवशी गप्प राहिली, ती पुन्हा सुरू नाही झाली.