नव्या चिपवर माझी घाई

मी एक प्रोग्राम बोलतोय. गणपतीतला नव्हे, कॉम्प्युटरमधला. बोईसरच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यात, टाकीची वाफ कधी सोडायची आणि कधी तोडायची एवढंच माझं काम. बारा वर्षं तेच करतोय. कंटाळलोय म्हणा ना.

माझा जन्म त्र्याऐंशी सालचा. मला लिहिलं खंडेराव नावाच्या इंजिनिअरांनी. तेव्हाची चिप अगदीच बेताची, तिला धड गुणाकारही येत नसे. खंडेरावांनी हिशेबाचे आणि वेळ मोजायचे तुकडे तिच्यासाठी हाताने लिहिले. अशा तुकड्यांच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. शिंप्याने माप घेऊन सदरा शिवावा, तसं ते त्या एकाच चिपच्या अंगाबरोबर बेतलेलं होतं. मशीनला घड्याळ नव्हतं. थांबायचं झालं की मी ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजायचो. तेवढ्यात बरोबर पाच सेकंद जायचे आणि वाफेचा जड वॉल्व्ह पुरता बंद व्हायचा. मग मी हिरवा दिवा लावायचो आणि ऑपरेटर टाकीत पूड सोडायचा.

हा ऑपरेटर म्हणजे भिका, उमरोळीजवळच्या पाड्यावरचा. मी थांबलो की तोही थांबायचा आणि जागच्या जागी तारप्याच्या नाचाची पावलं टाकायचा. सात पावलं झाली की दिवा. आमची जोडी छान जमली होती.

चौऱ्याण्णव साली नवं मशीन आलं. त्याची चिप दुसऱ्या जातीची, भाषा वेगळी आणि वेग असा की विचारू नका. मला तिच्यावर चढवायचं काम नलू मॅडमकडे आलं. पोरगी हुशार, तीन महिने खपली. खंडेराव तोवर नोकरी सोडून गेले होते, आणि त्यांच्या वहीत 'थांब' एवढंच लिहिलेलं. कशासाठी, किती वेळ, काही नाही. तिने माझी ओळ न् ओळ नव्या भाषेत उतरवली. मोजायचा आकडाही जसाच्या तसा. मग ऑफिसात, वॉल्व्हच्या जागी बल्ब लावून तपासलं. बल्बाला काय, बटण दाबलं की विझतो. सगळे म्हणाले, झकास. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

प्लांटमध्ये मात्र घात झाला. जिथे पाच सेकंद लागायचे तिथे नवी चिप डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळी. वॉल्व्ह अजून अर्धा उघडा, वाफ चालूच, आणि मी हिरवा दिवा लावून बसलो. भिकाने नेमाप्रमाणे पूड सोडली. निळा रंग करपून काळा झाला.

"सायब, दिवा लवकर लागतो," भिका प्लांटच्या साहेबांना म्हणाला.

"नवं मशीन चुकतं होय? तूच दिव्याआधी सोडलीस."

"नाय सायब. दिवा बघूनच सोडली."

दुसरी बॅचही करपली. साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'मी दिव्याची वाट न पाहता पूड सोडली.' अंगठा दे, नाहीतर उद्यापासून गेटच्या बाहेर. घरी बायको ठमी, तीन पोरं. भिकाने अंगठा दिला. त्याला गोण्या उचलायला गोदामात धाडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मला दिवा लावता येतो, बोलता येत नाही. फार वाईट वाटलं.

त्याच्या जागी आलेल्या माणसाचीही बॅच करपली, तेव्हा नलू मॅडम गोदामात गेली.

"भिकाभाऊ, नेमकं काय व्हायचं?"

"जुन्यावर सात पावलं बसायची, मॅडम. नव्यावर पाय उचलला की दिवा."

गोणी खाली ठेवून त्याने ती सात पावलं टाकून दाखवली. मॅडम मनगटावरच्या घड्याळात बघत होती. तिचा चेहरा उतरला.

"आकडा मी तसाच ठेवला. चूक माझी आहे, भाऊ."

"आमी अंगठा देऊन बसलो, त्याचं काय?"

मॅडमने त्याच दुपारी माझी ती ओळ बदलली. आता मी आकडे मोजत नाही, नव्या मशीनच्या घड्याळाला वेळ विचारतो. मग तिने चूक आपली असल्याचं पत्र लिहून साहेबांकडे दिलं.

"मॅडम, कशाला अंगावर ओढून घेता?" साहेब म्हणाले. "भिकाचा कागद हेड ऑफिसला गेलाय. प्रोग्राम सुधारला ना, झालं तर."

पत्र त्यांच्या टेबलावर फायलींखाली गेलं. माझ्या एकाही बॅचला तेव्हापासून डाग नाही, आणि साहेब पाहुण्यांना माझं कौतुक ऐकवतात. भिकाला गोण्या उचलताना आठवा महिना लागलाय. परवा त्याच्या पाठीत उसण भरली म्हणे.

साहेब, ते पत्र तेवढं वर पाठवा. भिका दिव्यासाठी थांबला होता. थांबलो नव्हतो तो मी.