येळवस एक महिना आधी

महानंदाताईंनी फोन केला तो कौतुक करायला.

"मॅडम, नवं ॲप लई हलकं झालं बघा! जुनं उघडायलाच दम खायचं. सारखं आपलं जागा न्हाई, जागा न्हाई. आता झटकन उघडतंय. अन् कामाचं बी हाय. उघडल्या उघडल्या आमची रेणुका लाल झाली!"

नांदेडच्या ऑफिसात धम्मप्रिया डबा खात होती. हातातला घास हातातच राहिला.

"लाल झाली म्हणजे?"

"दिवस उलटून गेले म्हणतंय. जुनं ॲप अजून महिना दाखवीत होतं. पोट बी मोठं दिसायलंय तिचं. म्हणलं, मशीन खोटं कशाला बोलंल? सकाळीच धाडलं नवऱ्यासंगं लातूरला, मोठ्या दवाखान्यात. आज कळांचं इंजेक्शन..."

फोन तुटला. निलंग्याकडचं गाव ते, तिथं रेंज वाऱ्यासारखी येते नि जाते. धम्मप्रियानं पुन्हा लावला, परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

ॲप तिनंच बनवलेलं. महानंदाताईंसारख्या गावोगावच्या आशाताई त्यात गरोदर बायांची नोंद करायच्या. आता आपल्याकडच्या बाया पाळीची तारीख इंग्रजी महिन्यात थोडीच सांगतात? कोणी म्हणतं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कोणी म्हणतं अवसेला. ॲप त्यावरून तारीख काढायचं, आणि त्यासाठी आत एक भलीमोठी पंचांगाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, घातलेली होती. कोणी दुसऱ्यानंच लिहिलेली, शेकडो वर्षांच्या ग्रहताऱ्यांसकट. त्या ओझ्यानं ॲप इतकं फुगलं की आशाताईंच्या जुन्या फोनात मावेना.

"बाळंतपणाची तारीख काढायला शनी-मंगळ कशाला वागवायचे गं?" संस्थेचे भागवत सर म्हणाले होते. "काढ ते सगळं."

तिनं काढलं. त्या जागी एक चिमुकली लायब्ररी बसवली, अशीच कोणीतरी लिहून फुकट ठेवलेली. ॲप एकदम सडपातळ. दसरा घालून बघितला, बरोबर. बुद्ध पौर्णिमा, आषाढी पौर्णिमा, वर्षाच्या सगळ्या पौर्णिमा, दिवसाचाही फरक नाही.

अवस मात्र तिनं तपासलीच नव्हती. तिच्या घरी पौर्णिमेला पांढरी साडी, विहार आणि खीर. अवस म्हणजे नुसता अंधार, ती कोण मोजतंय?

आता तिनं त्या लायब्ररीचा कोड उघडला. सगळ्यात वरच लिहिलेलं होतं, महिने उत्तरेच्या पद्धतीचे. तिकडं महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अवसेला. पौर्णिमा दोन्हीकडं एकच. पण त्यांची मार्गशीर्षातली अवस आपल्या अवसेच्या एक महिना आधी येऊन जाते. आणि मार्गशीर्षातली अवस म्हणजे लातूरकडची येळवस. अख्खं गाव शेतात जेवायला जातं तो दिवस.

रेणुकाची तारीख येळवशीची असेल तर तिचे दिवस भरले नव्हतेच. ॲपनं महिना खाल्ला होता.

बायांची माहिती आपण उघडायची नाही, हा नियम ऑफिसात तिनंच घातलेला. तिनं रेणुकाची नोंद उघडली. येळवस, असंच लिहिलेलं. खाली नवऱ्याचा नंबर, मृत्युंजय.

"हॅलो, मी नांदेडहून बोलतेय, त्या ॲपच्या..."

"ॲप? ठेवा हो. माझ्या मेव्हण्याला असंच ॲपवाल्या बाईनं गोड बोलून गंडवलं."

कट. पुन्हा लावला.

"बाई, सांगितलेलं कळंना का? माणूस दवाखान्यात हाय..."

"अहो ऐका, रेणुकाताईंना इंजेक्शन..."

"ओटीपी देणार न्हाई!"

पुन्हा कट. धम्मप्रियाला रडूही येत होतं आणि त्याच्या हुशारीचा रागही. तिसऱ्यांदा तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"येळवशीला रेणुका शेतात आली होती का?"

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "हे तुमाला कोण सांगितलं?"

"आली होती का?"

"न्हाई. त्याच दिवशी बाहेरची झाली. आंबील मी घरी आणून दिली तिला. आई बोलली बी, नेमकं आजच."

"मग तिथून मोजा. बोटावर मोजा."

तो मोजताना ऐकू येत होता. पौष, माघ... मध्येच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"भरले न्हाईत की वो!"

"डॉक्टरांना तेच सांगा. पळा!"

फोन बंद करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. चपलांचा आवाज, कोणाचं तरी "ओ, आत कुठं चाललात?", मग काहीतरी खणकन पडलं. धम्मप्रियानं फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. पुढं नुसती गडबड. एक शब्द लागेना.

"मॅडम? हाव का लाइनीवर?" तो धापा टाकत होता. "डॉक्टरीणबाई म्हणल्या, इंजेक्शन राहू द्या, आधी सोनोग्राफी करू. आधीचे कागद हिच्या माहेरीच राहिलेत ना. अन् तुमी कोण म्हणलात?"

"ते ॲप मी केलंय. चूक माझी आहे."

तिनं शिव्यांची तयारी ठेवली.

"हिच्याशी बोला," तो म्हणाला. "लई भ्यालीय."

"ताई," रेणुकाचा आवाज अगदी पोरीचा होता, "बाळ बरं हाय ना?"

हे नांदेडच्या खुर्चीत बसून कोण सांगणार? "बाळाला अजून वेळ आहे," धम्मप्रिया म्हणाली. "आम्हीच घाई केली."

"मग खाऊ का काही? सकाळपासून उपाशी ठेवलंय मेल्यांनी."

"डॉक्टरांना विचार आणि खा."

फोन ठेवून ती तडक भागवत सरांच्या टेबलाशी गेली.

"ॲप बंद करतेय."

"अगं, कालच तर सगळ्यांना दिलं! वरून विचारतील."

"विचारू दे. जुनंच परत देऊ. फोनातले नातवंडांचे व्हिडिओ पुसून जागा करा म्हणून मी एकेकीच्या पाया पडेन."

तिनं ॲप बंद केलं. मग अवसेच्या नावावर नोंदलेल्या सगळ्या बाया शोधायला बसली. येळवशीच्या आणखी होत्या, पाडव्याआधीच्या अवसेच्या होत्या. तिला वाटलं होतं त्याहून बऱ्याच.

पहिला नंबर लोह्याकडचा. रिंग जात होती. कोणी उचलेना.